छातीत दुधासारखं पाणी झालं तर

छातीत पाणी होणं ही गोष्ट आपल्या खालापूर-कर्जत भागात कुणाला नवी नाही. टीबीमुळे होतं, न्यूमोनियानंतर होतं, हृदय किंवा मूत्रपिंडं थकली की होतं. डॉक्टर पाठीतून सुई घालून ते काढतात आणि बहुतेक वेळा ते वाळल्या पेंढ्याच्या रंगाचं, फिकट पिवळं असतं. पण क्वचित एखाद्या रुग्णाच्या बाबतीत सिरिंजमध्ये पांढरंशुभ्र पाणी येतं. अगदी दुधासारखं. बघणाऱ्या घरच्या माणसांचे पाय लटपटतात.

आमच्या फोनच्या कार्यक्रमात एका ताईंनी विचारलं होतं, "दिरांच्या छातीतून असं पांढरं पाणी निघालं. ते रोज रात्री दूध प्यायचे, तेच छातीत उतरलं का? आणि आता त्यांना दूध द्यायचं की नाही?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : प्यायलेलं दूध छातीत उतरत नाही, तसा रस्ताच नाही. दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर 'नाही' असंच आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे. ते कारण समजलं की हा आजार निम्मा समजला, आणि उपचारातला आपल्या स्वयंपाकघराचा वाटाही समजला. म्हणून आजची गप्पा याच विषयावर.

या आजाराला डॉक्टर 'कायलोथोरॅक्स' म्हणतात. नाव अवघड आहे, पण कानावरून जाऊ द्या, कारण डिस्चार्जच्या कागदावर ते इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि वाचून दाखवायला कुणी थांबत नाही. 'काइल' म्हणजे आतड्यातून निघणारा पांढरा, स्निग्ध रस. 'थोरॅक्स' म्हणजे छाती. हा रस छातीत सांडला की कायलोथोरॅक्स.

पाइपांचं गणित खोपोलीकरांना वेगळं समजवावं लागत नाही. १९१५ पासून घाटावरच्या धरणांचं पाणी जाडजूड पाइपांतून डोंगर उतरून टाटांच्या वीजघरात येतं आणि पुढे पाताळगंगेला मिळतं. शरीरातही असाच एक पाइप आहे, फक्त तो खालून वर जातो. आपण जेवतो तेव्हा भाकरीतली साखर आणि डाळीतली प्रथिनं आतड्याच्या रक्तवाहिन्यांतून थेट यकृताकडे जातात. तेलातुपाला मात्र तो रस्ता नाही. पचलेल्या तेलाचे बारीक बारीक थेंब होतात, ते आतड्यातल्या लसीकावाहिन्यांमध्ये शिरतात आणि पोटाच्या मागे, कण्याला लागून, एका पिशवीसारख्या जागी गोळा होतात. तिथून एक नळी वर निघते. तिचं नाव थोरॅसिक डक्ट. लांबी साधारण ४० सेंटिमीटर, जाडी अवघी दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे सोऱ्यातून पडणाऱ्या शेवेएवढी. ती कण्याच्या उजव्या अंगानं छातीत चढते, दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये डावीकडे वळते आणि डाव्या गळपट्टीच्या हाडामागे मोठ्या शिरेत रिकामी होते. एवढ्याशा नळीतून दिवसाला दीड ते अडीच लिटर रस वाहतो. उपाशी माणसाच्या नळीतला रस जवळजवळ पाण्यासारखा असतो. तेलकट जेवणानंतर तो पांढरा होतो आणि त्याचा जोरही वाढतो.

हे पहिल्यांदा दिसलं ते १६२२ मध्ये, इटलीत. गास्पारे अझेली नावाचे वैद्य नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडून बघत होते. आतड्यावर पांढरे दोरे दिसले. त्यांना वाटलं या मज्जा असतील. एक कापला तर त्यातून दुधासारखं काहीतरी बाहेर आलं. मग १६५१ मध्ये फ्रान्सच्या झां पेके यांनी ते दोरे पुढे कुठे जातात ते शोधलं आणि छातीतली मोठी नळी जगापुढे आली. त्या काळात कुत्रं जेवलेलं नसतं तर कदाचित आणखी काही वर्षं कुणाला पत्ता लागला नसता. ही जेवणाची गोष्ट लक्षात असू द्या, ती पुढे परत लागणार आहे.

आता ही नळी फुटते कशी? मोठ्या माणसांमधल्या साधारण निम्म्या केसेस शस्त्रक्रियेनंतर किंवा मार लागल्यानंतरच्या असतात. अन्ननलिकेचा कॅन्सर काढताना डॉक्टरांना नेमकं या नळीच्या शेजारून काम करावं लागतं. त्याखेरीज फुफ्फुस, हृदय आणि मानेच्या मोठ्या ऑपरेशनमध्येही तिला धक्का लागू शकतो. याचा अर्थ डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला असा लगेच लावू नका. ती नळी बारीक, पारदर्शक, भिंती कागदासारख्या, आणि ऑपरेशनच्या वेळी रुग्ण उपाशी असल्यामुळे आतला रसही बिनरंगी. शिवाय प्रत्येकाच्या शरीरात तिची वाट थोडी वेगळी, काहींना तर एकाऐवजी दोन फाटे. दिसतच नाही तर सांभाळायची कशी, हा सर्जनचा खरा प्रश्न आहे.

दुसरं कारण अपघात. आपल्या दाराशी जुना हायवे, बोरघाट आणि एक्सप्रेसवे. छातीचा मार आपण नेहमी ऐकतो. नळी फुटणं तसं विरळ आहे. पण पाठीचा कणा अचानक मागे वाकला तर ताणून ती तुटू शकते, आणि भरल्या पोटी, म्हणजे नळी फुगलेली असताना, तुटण्याची शक्यता जास्त. जोराच्या उलट्यांनी किंवा खोकल्याच्या उबळीनंतर फुटल्याच्याही नोंदी आहेत.

इथे एक फसवी गोष्ट आहे आणि रुग्णाजवळ बसणाऱ्या बाईनं ती जरूर माहीत करून घ्यावी. मार आज लागतो, पण छाती भरलेली कळते ती दोन दिवसांनी, कधी आठ-दहा दिवसांनी. कारण रुग्ण तोवर उपाशी किंवा सलाइनवर असतो. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या छातीतल्या नळीतून स्वच्छ, किंचित लालसर पाणी येत असतं, सगळे निश्चिंत असतात. मग डॉक्टर सांगतात, आता थोडा चहा द्या, दूध द्या. आणि त्या संध्याकाळी बाटलीतलं पाणी पांढरं होतं. बाटली बदलली म्हणून रंग वेगळा दिसतोय असं समजून गप्प राहू नका. सिस्टरला बोलवा, दाखवा, किती वाजता काय दिलं होतं तेही सांगा. डॉक्टर राउंडला सकाळी येतात. बाटलीकडे रात्रभर बघणारी आपणच असतो.

न मारता, न कापता होणारा कायलोथोरॅक्सही आहे आणि त्यात सगळ्यात आधी शंका घ्यायची ती कॅन्सरची, खास करून लिम्फोमाची. लिम्फोमा म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर. छातीतल्या गाठी वाढतात, नळीला दाबतात, रस मागे तुंबतो आणि झिरपू लागतो. कधी कधी गाठ कुठेच हाताला लागत नाही आणि छातीतलं पांढरं पाणी हीच पहिली खूण असते. म्हणून अपघात नाही, ऑपरेशन नाही आणि पाणी मात्र पांढरं, असं असेल तर सीटी स्कॅन झाल्याशिवाय घरी येऊ नका. यात खर्चाचा विचार नंतर करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

टीबीतही गाठी फुगून नळी दाबली जाते आणि असं होऊ शकतं. पण आपल्याकडे अडचण उलटी आहे. छातीत पाणी दिसलं, तपासणीत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त निघाल्या, की टीबीच्या गोळ्या सुरू होतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. मात्र काइलमध्येही हाच पेशींचा प्रकार भरलेला असतो. म्हणजे पेशींच्या रिपोर्टवरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि लिम्फोमा असलेला माणूस टीबीच्या गोळ्या खात महिने घालवतो. त्या पाण्याची सीबीनॅट तपासणी आणि चरबीची तपासणी, दोन्ही करायला सांगा. विचारायला लाजायचं कारण नाही.

आता एक कारण खास आपलं, बायकांचं. एलएएम नावाचा फुफ्फुसांचा आजार आहे. अत्यंत दुर्मीळ, पण होतो तो जवळजवळ फक्त स्त्रियांना, आणि तोही बहुधा पाळी चालू असलेल्या वयात. फुफ्फुसांत बारीक बारीक फुगे तयार होतात. चालताना, चढताना दम लागतो. डॉक्टर दमा समजतात, घरचे 'अशक्तपणा आहे, ताण घेतेस' म्हणतात. मग एखाद्या दिवशी फुगा फुटून फुफ्फुस खाली बसतं, किंवा छातीत पांढरं पाणी होतं. तिशी-चाळिशीतल्या, विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बाईचं फुफ्फुस पुन्हा पुन्हा खाली बसत असेल किंवा तिच्या छातीतून दुधाळ पाणी निघालं, तर छातीचा बारीक कापांचा सीटी स्कॅन व्हायलाच हवा. पूर्वी यावर हातात फारसं काही नव्हतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिरोलिमस या औषधानं फुफ्फुसांची घसरण थांबते असं दिसलं. हे मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात तेच औषध. एलएएममधलं छातीतलं पांढरं पाणीही त्यानं पुष्कळदा ओसरतं. असा आजार असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायच्या असतात आणि बाळाचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करायचा असतो, कारण गरोदरपणात हा आजार वाढू शकतो.

बाळंतिणीबद्दल एक शब्द, कारण ही भीती आम्ही ऐकली आहे. अंगावरचं दूध आणि छातीतलं हे पाणी यांचा काही संबंध नाही. दूध स्तनांत, बरगड्यांच्या बाहेर तयार होतं. हे पाणी बरगड्यांच्या आत, फुफ्फुसाच्या आवरणात साठतं. बाळाला पाजणं राहिलं म्हणून दूध 'आत जिरून' असं होत नाही.

बाकीची कारणं थोडक्यात सांगतो. डायलिसिससाठी किंवा औषधांसाठी गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत बरेच दिवस नळी ठेवली आणि तिथे रक्ताची गुठळी झाली, तर डक्टचं तोंडच बंद होतं. यकृताचा सिऱ्हॉसिस आणि हृदयाचा जुना आजार यांतही होतं. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे हत्तीरोग आहे. त्यातही होऊ शकतं, पण हत्तीरोगात हा पांढरा रस छातीपेक्षा लघवीतून जास्त दिसतो. आणि थोड्या रुग्णांमध्ये सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही.

ओळखायचं कसं? माणूस सांगतो ते एवढंच : दम लागतो, आडवं झोपवत नाही, छाती जड वाटते. ताप नाही, छातीत टोचत नाही. काइल आवरणाला झोंबत नाही, त्यामुळे दुखतही नाही, आणि म्हणून लोक उशिरा येतात. पाणी काढलं की रंगावर मात्र सगळं सोडून देऊ नका. पांढरं दिसणाऱ्या पाण्यात पू असू शकतो. पू थोडा वेळ ठेवला किंवा प्रयोगशाळेच्या यंत्रात फिरवला की गाळ खाली बसतो आणि वर पाणी निवळतं. काइल निवळत नाही. ठेवून दिलं तर उलट वर साय धरते. आणि दुसऱ्या बाजूनं, कायलोथोरॅक्स असलेल्या निम्म्याहून जास्त रुग्णांचं पाणी दुधासारखं दिसतच नाही. ते पिवळट, गुलाबी किंवा गढूळ असतं, विशेषतः रुग्ण जेवत नसेल तर. मघाशी सांगितलं ना, कुत्रं जेवलेलं होतं म्हणून दोरे दिसले.

खरी परीक्षा एकाच आकड्याची आहे. छातीतल्या पाण्यातलं ट्रायग्लिसराइड ११० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते काइल असण्याची दाट शक्यता. ५० च्या खाली असेल तर बहुधा नाही. मधलं आलं तर पुढची तपासणी करतात, तेलाचे ते विशिष्ट थेंब पाण्यात आहेत का ते बघायची. जोडीला कोलेस्टेरॉलही बघतात, कारण जुन्या टीबीचं किंवा संधिवाताचं पाणी वर्षानुवर्षं छातीत राहिलं तर तेही दुधाळ दिसतं. त्यात कोलेस्टेरॉल २०० च्या पुढे असतं आणि ट्रायग्लिसराइड कमी. त्यात नळी फुटलेली नसते, त्यामुळे उपचारही वेगळे. रक्तातल्या ट्रायग्लिसराइडची तपासणी आपल्या गावातल्या लॅबमध्येही होते. फरक इतकाच, की इथे ती छातीतल्या पाण्यावर करायची आहे, हे चिठ्ठीवर लिहिलेलं हवं.

आता मुद्द्यावर येऊ, स्वयंपाकघराच्या. गळती चालू असलेला माणूस डोळ्यांदेखत सुकतो. एक लिटर काइलबरोबर २० ते ३० ग्रॅम प्रथिनं बाहेर जातात, म्हणजे चार-पाच अंड्यांतली प्रथिनं रोज बाटलीत. बरोबर चरबी जाते, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं जातात, शरीरातलं मीठ-पाणी जातं, आणि रोगाशी लढणाऱ्या पेशीही जातात, म्हणून जंतुसंसर्ग पटकन होतो. गाल बसलेले बघून आपला हात आपोआप तुपाच्या बरणीकडे वळतो. सासूबाई म्हणतात, वरणावर दोन चमचे जास्त सोड. शेजारची बाई डिंकाचे लाडू आणून देते. सगळं प्रेमानं. पण तूप खाल्लं की तेच तूप थेंबाथेंबानं त्या फुटक्या नळीपर्यंत पोचतं, रसाचा जोर वाढतो आणि फट मिटायला सवड मिळत नाही. फुटलेला पाट दुरुस्त करायचा तर आधी वरून पाणी बंद करावं लागतं, हे आपल्या शेतकरी घरांना कुणी शिकवायला नको. इथे वरून पाणी म्हणजे तेल-तूप.

म्हणून डॉक्टर सांगतात : दिवसभरात चरबी साधारण १० ग्रॅमच्या आत. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात बघा. चहाचा एक चमचा तेल म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. म्हशीच्या दुधात शंभरात सहा-सात ग्रॅम, म्हणजे एक कप दूध प्यायलं की दिवसाचा वाटा संपला. मूठभर शेंगदाण्यांत १२ ग्रॅमच्या पुढे. भात, डाळ, नाचणी यांत थोडी चरबी मुळातच असते, तीन-चार ग्रॅम त्यातच जातात. वरून घालायला जवळजवळ काही उरत नाही. वडापाव, लोणावळ्याची चिक्की, फरसाण, खारी, बिस्किटं, ओला नारळ, सुकं खोबरं, तीळ, अंड्याचा बलक, बांगडा, तारली, सोयाबीन, सगळं बंद. बाजरी आपण गरिबाची, साधी भाकरी समजतो. पण तिच्यात शंभराला पाच ग्रॅमच्या आसपास चरबी असते, तेव्हा त्या दिवसांत तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी करावी.

मग द्यायचं काय? पेज, मऊ भात, बिनतेलाची तांदळाची भाकरी, मुगाचं किंवा तुरीचं वरण. फोडणीऐवजी जिरं कोरडं भाजून, कुटून, हिंगाबरोबर उकळत्या वरणात टाकायचं. वास फोडणीसारखा नाही, पण घास उतरतो. वालाचं बिरडं खोबरं आणि तेल न घालता, आलं-मिरची लावून. थंडीत पोपटी लागली तर तिच्यातल्या वालाच्या शेंगा आणि बटाटे चालतील, कारण ती पाल्याच्या वाफेवर शिजते. मसाला-तेल चोळलेलं चिकन मात्र बाजूला ठेवा. अंड्याचं पांढरं, वाफवलेली कोळंबी, नारळाचा रस न घालता कोकमाचं सार, रताळं, केळी, बाकीची फळं. दूध हवंच असेल तर दुकानातलं स्किम्ड दूध किंवा त्याची पावडर, आणि त्याचंच ताक. घरी साय काढली म्हणजे चरबी गेली असं समजू नका, बरीचशी दुधातच राहते. पिशवीवर टोन्ड लिहिलं असलं तरी त्यात ३ टक्के असते. मधुमेह असेल तर गूळ-साखर-रताळं यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून.

तेल अगदीच नाही म्हटल्यावर ताकद कुठून यायची? त्यासाठी एमसीटी तेल नावाचं एक वेगळं तेल मोठ्या रुग्णालयांजवळच्या औषधाच्या दुकानांत मिळतं. त्याचे कण इतके छोटे असतात की ते लसीकेच्या नळीकडे न जाता थेट रक्तातून यकृतात जातात. फुटक्या नळीला त्याचा त्रास नाही. एका चमच्यानं सुरुवात करायची, नाहीतर जुलाब होतात. त्यात तळायचं नाही, तयार वरणभातावर घालायचं. इथे कोकणातली प्रत्येक बाई विचारते : खोबरेलात पण एमसीटी असतं म्हणे, मग तेच घातलं तर? नको. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि त्यातलं बरंचसं नेहमीच्याच लसीकेच्या वाटेनं जातं. औषधाच्या एमसीटी तेलाची जागा खोबरेल घेऊ शकत नाही, दुकानदार काहीही सांगो. आणि एमसीटी तेलही दीर्घकाळ एकट्यानं पुरत नाही, शरीराला लागणारे काही स्निग्ध पदार्थ त्यात नसतात. हे खाणं औषधासारखं आहे. काही आठवड्यांचं, डॉक्टरांच्या नजरेखालचं.

एवढ्यानंही गळती थांबली नाही तर तोंडानं खाणं पूर्ण बंद करून शिरेतून सगळं पोषण देतात. त्या दिवसांत माणूस 'एक घोट चहा दे' म्हणून विनवतो. त्या एका घोटातलं दूध पुन्हा बाटलीत दिसतं, तेव्हा मन घट्ट करावं लागतं.

एक सावधगिरी. हे पथ्य फक्त कायलोथोरॅक्सचं निदान झालेल्या माणसासाठी आहे. टीबीनं छातीत साधं पिवळं पाणी झालेल्या रुग्णाचं तेल-तूप, शेंगदाणे बंद करू नका. त्याला ते हवेच असतात. निक्षय पोषण योजनेतून टीबी रुग्णाच्या खात्यात दरमहा १००० रुपये येतात, ते त्याच्या खाण्यासाठीच आहेत. टीबी आणि कायलोथोरॅक्स दोन्ही असतील तर ते पैसे अंडी, डाळ, स्किम्ड दूध पावडरीवर घालवा, तेलाच्या पिशवीवर नको.

खाण्याबरोबर बाकीचे उपचार चालतात. दम कमी व्हावा म्हणून छातीत नळी टाकून पाणी काढतात. ती बाटली कायम छातीच्या खाली, जमिनीजवळ असायला हवी. रुग्णाला संडासला नेताना उचलून खाटेवर ठेवायची नाही. रोज किती निघालं ते वहीत लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा निर्णय त्या आकड्यावर ठरतो. ऑक्ट्रिओटाइड नावाची इंजेक्शनं देतात, त्यांनी आतड्यातून येणारा रस कमी होतो. कारण टीबी असेल तर टीबीची औषधं, लिम्फोमा असेल तर केमो. मूळ आजार हटला की पुष्कळदा नळीही मोकळी होते.

गळती कमी असेल तर पथ्यावर आणि नळीवर बऱ्याच जणांची आपोआप मिटते. पण रोज एक लिटरच्या वर येत असेल आणि चार-पाच दिवसांत उतरत नसेल, किंवा कमी असूनही दोन आठवडे चालूच असेल, तर वाट बघत बसणं धोक्याचं. माणूस इतका खंगतो की पुढचं ऑपरेशनही झेपत नाही. मग दुर्बिणीतून छातीत जाऊन नळी खालच्या बाजूला बांधून टाकतात. 'नळी बांधली तर तेल कुठून जाणार?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. शरीरात बारीक आडवाटा असतात, रस त्यांतून वाट काढतो. आणि गंमत बघा, या ऑपरेशनच्या आधी डॉक्टर स्वतःच रुग्णाला दूध, साय किंवा तेल पाजतात, म्हणजे फट कुठे आहे ती पांढऱ्या थेंबावरून दिसावी. इतके दिवस आपण ज्याला नाही म्हणालो तेच दवाखान्यात वाटीनं दिलेलं बघून चकित होऊ नका.

दुसरा मार्ग सुईचा आहे. लसीकावाहिन्यांत रंग सोडून पडद्यावर फट शोधायची आणि बारीक तारेनं, औषधी डिंकानं ती आतूनच बुजवायची. हे तंत्र १९९० च्या दशकात अमेरिकेत कॉन्स्टंटिन कोप या डॉक्टरांनी पुढे आणलं. नळीपर्यंत पोचता आलं तर बहुतेक जखमी नळ्यांची गळती यानं थांबते, आणि कधी कधी फट बघण्यासाठी सोडलेल्या तेलकट रंगानंच ती बुजते. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांतच हे होतं. कॅन्सरमुळे पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल तर फुफ्फुसाची दोन आवरणं औषधी पावडरीनं चिकटवून टाकतात.

बरं होण्याचं प्रमाण काय, असं सगळ्याच विचारतात. १९४८ पूर्वी मार लागून नळी फुटलेली जवळजवळ निम्मी माणसं दगावत असत, फुफ्फुस बंद पडून नव्हे, तर उपासमारीनं. त्या वर्षी लॅम्पसन या सर्जननी नळी बांधण्याचं ऑपरेशन प्रसिद्ध केलं आणि हा आकडा झपाट्यानं खाली आला. आज वेळेत ओळखलेली, अपघाताची किंवा ऑपरेशननंतरची गळती बहुतेकांची बरी होते. टीबीची बरी होते. लिम्फोमाचं भवितव्य केमोला तो किती दाद देतो त्यावर, आणि आज तो पुष्कळदा देतो. इतर पसरलेल्या कॅन्सरमध्ये मात्र हे पाणी वाईट चिन्ह असतं आणि तिथे दम कमी करणं, माणसाला घरी चार दिवस सुखाचे मिळवून देणं, हेच उपचाराचं काम उरतं. तेही काम लहान नाही.

आपल्याकडून जायचं कुठे? पाणी आहे की नाही, हे कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात एक्स-रेवर कळेल. छातीचे सर्जन आणि पुढच्या सोयी मुंबईत, परळचं केईएम, भायखळ्याचं जेजे. कॅन्सर निघाला तर टाटा मेमोरियल, तेही परळलाच. कर्जतवरून लोकलनं थेट जाता येतं, पण दम लागणाऱ्या माणसाला गर्दीच्या वेळेला नेऊ नका, आणि फार दम असेल तर १०८ लाच फोन करा. बरोबर पाण्याचा रिपोर्ट, जुने-नवे सगळे एक्स-रे, बाटलीच्या मापांची वही आणि रेशन कार्ड घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेला असतो. भरती होतानाच त्याला भेटा, बिल झाल्यावर नको.

गळती थांबली की डॉक्टर एक दिवस मुद्दाम साधं, तेलातुपाचं जेवण देतात आणि बाटली बघतात. पाणी पांढरं झालं नाही, वाढलं नाही, तर नळी काढतात. घरी आल्यावरही तेल हळूहळू वाढवायचं, पहिल्याच दिवशी पुरणपोळीवर तुपाची धार नको. पंधरा दिवसांनी एक एक्स-रे ठरलेला असतो, तो चुकवू नका. आणि त्याआधी जिना चढताना पुन्हा दम लागायला लागला, किंवा रात्री दोन उशा लागायला लागल्या, तर त्या तारखेची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी दाखवा.